छोटी मिळाली का?

कपूरथला, पंजाब
९ फेब्रुवारी २०२६

आदरणीय सुलेखा आत्यांना,
जय भीम.

मी उत्पला. तुमच्या भावाची, इंद्रजीतची, मुलगी. आपण कधी भेटलो नाही. तुम्ही बाबांना पाठवलेल्या कार्डावर लिहिलं होतं की ऐकू येत नाही, फोन करू नको, नुसता ये. म्हणून फोन न करता हे पत्र लिहिते आहे. माझी आई पंजाबी होती, मागच्या वर्षी वारली. घरात मराठी फक्त बाबांची, तीच मला येते. लिहिताना चुकलं तर हसू नका.

मला विचारायचं आहे, तुम्ही बाबांना काय बोललात?

ते गेले तेव्हा किती खूश होते म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी बहिणीकडे निघालो म्हणून मोहल्ल्यात सगळ्यांना सांगून झालं. तुमच्यासाठी फुलकारीची शाल घेतली, लाल नको, ती लाल घालत नाही, म्हणून तीन दुकानं पालथी घातली. नवी चाकांची बॅग आणली. सचखंड एक्स्प्रेसमध्ये मीच बसवून दिलं. आठवडाभर राहीन म्हणाले होते. आणि चौथ्याच दिवशी दारात उभे! बॅग तशीच, शाल तशीच घडीत. मी विचारलं, आत्या भेटल्या का, काय झालं? तर एवढंच म्हणाले, "तिथं आता काही राह्यलं नाही." बस. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. पहिल्यांदाच त्यांनी जेवणाला नावं ठेवली नाहीत, त्यावरून मला कळलं की काहीतरी फार बिघडलंय.

जुनं भांडण आहे एवढं मला माहीत आहे, कशावरून ते माहीत नाही. पण माणूस दोन दिवस रेल्वेत बसून तुमच्या दारी आला, त्याला असं परत पाठवायचं का? मला तुमचा राग आला आहे, खोटं कशाला बोलू. हे पत्र मी बाबांना न सांगता लिहिते आहे.

तुमची भाची,
उत्पला


पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१८ फेब्रुवारी २०२६

बाळ उत्पला,
जय भीम.

आत्याला 'तुम्ही' म्हणतात का गं? तू म्हण. राग आलाय ना, मंग तर तूच म्हण, रागात तुम्ही-आम्ही शोभत नाय.

अन् आता नीट ऐक. तुझा बाप इथं आलाच नाय.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मंग शेजारच्या केसरबाईला वाचून दाखवलं, म्हणलं माझंच डोकं फिरलं का काय बघ. तीच माझ्यासंगं स्टेशनावर होती. मला ऐकू येत नाय, तिला धड दिसत नाय, दोघींचं मिळून एक माणूस होतंय. सचखंडची खबर तिनं ऐकली, डबे मी पाह्यले. तुझ्या बापाला येसर आवडतं म्हणून पहाटंच उठून येसराची आमटी करून डब्यात घेतली होती, धपाटे घेतले होते. इथं स्टेशनावर सरदार लोक गाडीतल्या माणसांना लंगरचं जेवण देत होते, त्यांच्या गर्दीत शिरून मी एकेक डबा हुडकला. तरणेताठे उतरले, बाया उतरल्या. इंद्रजीत नाय उतरला. गाडी गेली बी जालन्याकडं.

केसरबाई म्हणली, चल आता. मी म्हणलं, एक गाडी अजून थांबू. थांबलो. ती बी आली अन् गेली. मंग तिथंच बाकड्यावर दोघींनी धपाटे खाल्ले, अन् मी रडले. आता सांग, कुणाला कुणाचा राग यायला पाह्यजे?

तू विचारलं नायस, पण भांडण कशाचं ते सांगते. आमचे आबा, तुझे आजोबा कडुबा, गेले तेव्हा तुझा बाप तिकडं पंजाबात नवाच लागला होता, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात. तार केली. तो पोचला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, माती होऊन गेली होती. मे महिना, घरात बर्फाची लादी बी मिळंना. आल्या आल्या माझ्याकडं बघून म्हणला, "एक गाडी थांबता आलं नाय का गं तुम्हाला?" चूळसुद्धा भरली नाय, दुपारच्या गाडीनं निघून गेला. त्याला आता पस्तिसाच्या वर वर्षं झाली. ना राखी, ना लग्नाची खबर.

मंग या जानेवारीत त्याचं कार्ड आलं. "बायको गेली. एकतीस तारखेला येतो, सचखंडनं. इंद्रजीत." मी लगोलग उलट कार्ड टाकलं, ऐकू येत नाय, फोन करू नको, नुसता ये. वाटलं, बायको गेली, एकटा पडला, आता कळलं आसंल बहीण काय असती.

पण आता समजलं. त्यानं उट्टं काढलं. तेव्हा एक गाडी थांबला नाहीत म्हणतो, घे आता, थांब एक गाडी! लई लांबून नेम धरला बाबानं. त्याला सांग, नेम बरोबर लागला म्हणावं.

तुझ्यावर राग नाय. तू तर माझं तोंडबी पाह्यलं नायस.

आत्या


कपूरथला
२७ फेब्रुवारी २०२६

आत्या,
जय भीम.

तू म्हणते आहे. सवय नाही, पण म्हणते आहे.

तुझं पत्र वाचून मी शाळेला दांडी मारली. (मी इथं शाळेत गणित शिकवते. हिशेब जुळला नाही की मला जेवण जात नाही.) बाबा तुझ्याकडं आलेच नाहीत! मग चार दिवस कुठं होते? मी सरळ विचारू शकत नव्हते, कारण मग पत्राचं उघडं पडलं असतं. म्हणून मी चोरपावलांनी चौकशी केली.

तुला आठवत असेल, मी त्यांना गाडीत बसवलं. तेव्हा समोरच्या बाकावर आमच्याच गावचे एक सरदारजी अंकल होते, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला निघालेले. आता ते परत आलेत. मी त्यांच्या घरी गेले, लस्सी प्यायले, हळूच विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते तसंच्या तसं लिहिते.

बाबा सकाळी झोपेत होते. खिडकीबाहेर कुणीतरी "मनमाड, मनमाड" ओरडलं. तसे ताडकन उठले, कुणी हात धरून ओढल्यासारखे. चष्मा घातला नाही. बॅग खाली उतरवली आणि डोक्यावर घेतली. चाकांची बॅग, आत्या! डोक्यावर! अंकल म्हणाले, "वीरजी, किथे?" बाबा म्हणाले, "चलता हूँ, दूसरी गाड़ी पकड़नी है." आणि उतरून गेले. तिथं म्हणे सचखंडचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात, गाडी बराच वेळ उभी असते. अंकलना वाटलं, मनमाडला काही काम असेल. गाडी सुटली तरी बाबा आले नाहीत.

दुसरी गाडी. म्हणजे परतीची. म्हणजे तू म्हणतेस ते खरं आहे, त्यांनी आधीच ठरवलं होतं. मला हे लिहिताना लाज वाटते. माझे बाबा असे नाहीत गं. पण हिशेब तर तसाच दिसतो.

फक्त एक जुळत नाही. उट्टंच काढायचं होतं तर तिकीट पार तुझ्या स्टेशनापर्यंतचं का काढलं? शाल का घेतली? आणि माणसाला कुणाला रडवायचं असेल तर तो ते घरी बसूनही करू शकतो. त्यासाठी मनमाडपर्यंत कोण जातं?

मनमाडला आहे तरी काय? बाबा मला लहानपणी झोपवताना एका छोट्या गाडीच्या गोष्टी सांगायचे. ती इतकी हळू चालायची की एक म्हातारी पुढच्या डब्यातून उतरून, बोरं वेचून, मागच्या डब्यात चढायची. मला वाटायचं, बनवून सांगतात. ती गाडी खरी होती का? आबा रेल्वेत काय करायचे? मला काहीच माहीत नाही. बाबांना विचारलं तर म्हणतात, "झालं ते झालं." तू सांग. भांडणाचं राहू दे, रेल्वेचं सांग.

उत्पला


पडेगाव
१० मार्च २०२६

बाळ उत्पला,
जय भीम.

रेल्वेचं सांगायचं म्हणलं की माझा राग निम्मा होतो, हे तुला कुणी सांगितलं?

गाडी खरी होती. बोरं वेचणारी म्हातारी बी खरी होती, पण ती बोरं नव्हती, शेण्या होत्या. तुझा बाप गोष्टीत साखर घालतो.

आमची ती छोटी लाईन. निजामाच्या राज्यात एकोणीसशे सालाच्या आसपास टाकलेली, मनमाडपासून पार हैदराबादपर्यंत. आबा सांगायचे की त्यांच्या आज्यानं दुष्काळात पोट भरायला त्या लाईनीचं मातीकाम केलं, टोपलीनं भराव घातला. खरं-खोटं आबाला ठाऊक. पण आबा स्वतः त्याच लाईनीवर चावीवाले होते. खांद्यावर हातोडा घ्यायचा अन् आपल्या वाट्याच्या रुळावरून चालत जायचं, एकेक चावी ठोकून बघायची, ढिली झाली तर बसवायची. वाजण्यावरून त्यांना कळायचं. आमचं घर दौलताबाद स्टेशनाजवळ, लाईनीच्या कडंला. गाडी आली की भांडे वाजायचे. माझे कान जायला लागले तेव्हा डाक्तर म्हणला, लहानपणी लई आवाजात राह्यलात का? म्हणलं, व्हय, पण तो आवाज नव्हता, घर होतं.

छोटी म्हणजे रूळच एकमेकाच्या जवळ, मीटरभर अंतर. मुंबईकडची लाईन मोठी. मोठीची गाडी छोटीवर चालणार कशी? म्हणून मग मनमाड. तिकडून मुंबईची असो, दिल्लीची असो, कोणच्या बी गाडीनं ये, मनमाडला उतरायचं, सामान घेऊन पूल चढायचा, पलीकडच्या अंगाला छोटी लागलेली असायची तिच्यात बसायचं. साऱ्या मराठवाड्याचं हेच. लग्नाचं वऱ्हाड असो नायतर मयताला निघालेला माणूस, मनमाडला गाडी बदलल्याबिगर कुणी घरी पोचला नाय. छोटी काय कुणासाठी थांबत नसायची. मोठी लेट झाली तर बसा मनमाडला वारा खात.

आम्ही दर सहा डिसेंबरला मुंबईला जायचो, चैत्यभूमीवर, सगळे. येताना मोठ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, आम्ही पोरं आईच्या मांडीवर, बाकड्याखाली, कुठंबी झोपायचो. मनमाड आलं की आई भामाबाई एकेकाच्या पाठीत धपाटा घालायची. "ऊठ! मनमाड आलं! बोचकं डोक्यावर घे!" डोक्यावर कामून, तर पुलावर इतकी गर्दी की हातातलं बोचकं चेंगरून मागंच राहायचं. इंद्रजीत लई झोपाळू. डोळे मिटलेलेच, पण हात आपोआप वर, डोक्यावर बोचकं, अन् मी मागून त्याला ढकलीत पुलावर नेणार. पार छोटीत बसल्यावर त्याला जाग यायची. विचारायचा, "छोटी मिळाली का?" आम्ही सारे हसायचो. बाराखडी यायच्या आधी त्याला हे आलं होतं, मनमाड आलं की

थांब गं.

उठून पाणी पिऊन आले. केसरबाईला हाक मारली, तिला बी सांगितलं. घाईत लिहिते, अक्षर समजून घे.

बॅग डोक्यावर घेतली म्हणलीस ना तू? चाकांची बॅग?

अगं उत्पला, इकडं मोठी लाईन आली नव्वद उलटल्यावर. तुझा बाप त्याच्या आधीच रुसून गेलेला. त्यानंतर तो मनमाडच्या अलीकडं आलाच नाय! त्यानं इकडं यायचा रस्ता जो पाह्यला तो मनमाडला बदलायचाच पाह्यला. अन् त्यात तो झोपेत, अन् कुणी ओरडलं मनमाड, अन् इंजिन बी सुटलेलं दिसलं.

दुसरी गाडी पकडायची म्हणला ना? आता गं बया. परतीची नाय गं. छोटी!

मला आता काहीबी धड सुचत नाय. खरं आहे का माझ्या मनाचे खेळ आहेत? तू त्याला 'कामून' विचारू नको, तो चिडंल. एवढंच विचार, "बाबा, छोटी मिळाली का?" त्याचं तोंड कसं होतं ते बघ अन् मला कळव. बिगीनं कळव.

आत्या


कपूरथला
१९ मार्च २०२६

आत्या,
जय भीम.

विचारलं.

तुझं पत्र दुपारी आलं. बाबा अंगणात बशीतून चहा पीत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, छोटी मिळाली का?"

बशी हातात तशीच राहिली. माझ्याकडं बघतच बसले. मग म्हणाले, "कुणी सांगितलं?" मी म्हणाले, "आत्यानं." "सुलीनं?" "हो." "तिनं ओळखलं?" आणि चेहरा लालेलाल झाला. मला वाटलं आता ओरडणार. तर हसायला लागले गं. चहा सांडला, पायजम्यावर सांडला, तरी हसतायत. "ओळखणारच! तीच तर मला पुलावर ढकलायची!" आणि मग ते हसणं कधी रडणं झालं ते मला कळलं नाही. आई गेली तेव्हाही ते माझ्यासमोर रडले नव्हते.

मग सगळं सांगितलं. पूल चढून पलीकडं गेले तेव्हासुद्धा पुरते जागे नव्हते. चष्मा खिशात. पायांना रस्ता माहीत होता, म्हणाले, मला काही विचारावंच लागलं नाही. जिथं छोटी लागायची तिथं जाऊन उभे राहिले. तिथं काहीच नाही. एका चहावाल्याला विचारलं, "औरंगाबादची छोटी कुठं लागते रे?" तो म्हणाला, "कोणती छोटी, काका? ती तर मी जन्मायच्या आधीच गेली!" तेव्हा जाग आली. पळत पूल चढले, तर सचखंडचा शेवटचा डबा प्लॅटफॉर्म सोडत होता.

"तिथं आता काही राह्यलं नाही" म्हणाले होते ना? ते तुझ्याबद्दल नव्हतं, आत्या. ते छोटीच्या प्लॅटफॉर्मबद्दल होतं. आणि मी मूर्ख, त्यावरून तुला काय काय लिहिलं! मला माफ कर.

सांगितलं का नाही, तर लाजेनं. म्हणाले, "जन्मभर मी मोठ्या लाईनीचे डबे बांधले. देशात कुठंही जा, एखादा डबा माझ्या हातचा निघेल. आणि मीच बॅग डोक्यावर घेऊन छोटी शोधत फिरलो. कुणाला सांगू?"

मी म्हणाले, पण मग पुढच्या गाडीनं का नाही गेलात? दोन-अडीच तासांचा तर रस्ता राहिला होता! त्यांनी ओला पायजमा झटकला. मग जे बोलले ते लिहू की नको असं झालंय, पण आपण दोघींनी आता काही लपवायचं नाही.

आबा गेले तेव्हा बाबांची दिल्लीकडून येणारी गाडी उशिरा आली. हेच मनमाड, हाच पूल. ते पुलावर असताना छोटी खाली सुटली. डोळ्यांसमोर. दुसरी सकाळी. तेव्हा ते जिथं बसून राहिले होते, यावेळीही तिथंच येऊन बसले. म्हणाले, "मला वाटलं, हे स्टेशन मला घरी जाऊच देत नाही. आणि म्हणलं, जाऊन तरी काय? सुली थोडीच थांबली असणार. ती थांबत नसते." आणि समोर आलेल्या परतीच्या गाडीत बसले.

तू यावेळी एक गाडी जास्त थांबलीस, धपाटे खाऊन रडलीस, हे मी त्यांना सांगितलं. ऐकून घेतलं. पण म्हणाले, "आता थांबली. तेव्हा नाही थांबली. तेव्हाची गोष्ट वेगळी." आणि उठून आत गेले.

आत्या, मी तुला कधी पाहिलं नाही, पण आता मला तू आणि बाबा एका फोटोत हवे आहात. मी काय करू ते सांग. तेव्हा नक्की काय झालं होतं?

उत्पला


पडेगाव
२८ मार्च २०२६

उत्पला, हे पत्र त्याला वाचून दाखव. मोठ्यानं वाच.

इंद्रजीत,

तू त्या दिवशी मला एक प्रश्न विचारला अन् जवाब ऐकायला थांबला नाहीस. मला बी राग आला. ज्याला ऐकायचंच नाय त्याला मी कामून सांगू? असं म्हणून मी जन्म घालवला. आता माझेच कान गेलेत, तर वाटतं सांगून टाकावं.

अप्पाराव काका अन् सारे भाऊबंद म्हणले, संध्याकाळच्या छोटीपर्यंत थांबू, पोरगा आला तर आला. मी म्हणलं, त्याला घ्यायला मी जाते, तो एकटा घरात शिरला तर त्याचं काळीज फाटंल. मी स्टेशनावर गेले. छोटी लेट होती. एक पोरगा सायकलवर निरोप घेऊन आला, चल, माणसं थांबत नाहीत आता, उकाडा लई आहे, आबाला जास्त ठेवता येत नाय. मी म्हणलं, गाडी आल्याबिगर मी हलणार नाय. माझा भाऊ येतोय.

गाडी आली. तू नव्हता. मी घरी आले तर अंगणात नुसते हार पडले होते. आबाला नेलं होतं, पार आटोपलं होतं.

तुला वाटतं मी आबाचं शेवटचं तोंड पाह्यलं अन् तुला नाय दाखवलं. अरे बाबा, मी बी नाय पाह्यलं. घरातून स्टेशनावर निघताना पाह्यलं तेवढंच. त्यांच्या लाईनीवर, त्यांच्या गाडीची वाट बघत मी उभी होते, तुझ्यासाठी. थांबता आलं नाय का म्हणतोस? साऱ्या भावकीत एकटी मीच तर थांबले होते.

अन् परवा बी थांबले. अन् तू म्हणशील तेव्हा थांबेन.

आता फार बोलत नाय. येसराचं पीठ भाजून ठेवलंय, ते महिना दोन महिने टिकतंय. तू ये.

सुली

उत्पला, हे तुझ्यासाठी, हे त्याला वाचू नको. तू बी संगं ये. अन् मनमाड आलं की त्याचा हात धरून ठेव.


सचखंड एक्स्प्रेसमधून
१२ एप्रिल २०२६

आत्या,

हे पत्र पोस्टात पडणार नाही, तुझ्या हातातच देईन. पण मध्ये कुणी काही बोललं, कुणी रडलं, की मी सांगायचं विसरून जाईन, म्हणून लिहिते आहे. अक्षर गाडीमुळं हलतंय, मी ठीक आहे.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. बाबा म्हणाले, परत वाच. परत वाचलं. मग म्हणाले, तो सायकलवाला निरोप आला तेवढं परत वाच. मग चपला घातल्या आणि बाहेर गेले. मला वाटलं, चालायला गेले असतील. स्टेशनवर जाऊन दोघांची तिकिटं काढून आणली.

रस्ताभर मला शिकवत आलेत. कोणता डबा कुठं बनला, त्याच्या खाली काय असतं, इटारसीला काय खायचं. लंगरचं जेवण पत्रावळीवर नको, आपल्या डब्यात घ्यायचं, म्हणून डबा घरून आणलाय. भुसावळ गेल्यावर मात्र खिडकीला चिकटून बसले. रात्री झोपले नाहीत. मी म्हणाले, झोपा, मी आहे ना. म्हणाले, "झोपलो की घोळ होतो."

मनमाड आलं. कुणीतरी ओरडलंच, "मनमाड!" बाबा जागेच होते, तरीही अर्धे उठले. खरंच उठले गं, हात वर बॅगेकडं गेला! मी त्यांचा हात धरणार, तेवढ्यात त्यांनीच माझा धरला, घट्ट, आणि परत खाली बसले. समोरचे लोक बघायला लागले. इंजिन सुटून गेलं. बाबा खिडकीतून पुलाकडं बघत होते. हळूच म्हणाले, "आई मारायची ना पाठीत, तसं वाटलं." इंजिन दुसऱ्या टोकाला लागलं, धक्का बसला, आणि गाडी उलट्या बाजूला चालू लागली. बाबा म्हणाले, "ही आता सुलटी झाली." तेव्हा कुठं हात सोडला. माझी बोटं दुखतायत.

नगरसोल, रोटेगाव, लासूर. प्रत्येक नाव पाटी दिसायच्या आधी सांगतात. मी गणिताची बाई, मी म्हणाले, हीच लाईन का? म्हणाले, रूळ मोठे झाले, रस्ता तोच. मग मला विचारलं, "सुली तिथं उभी असेल का गं?" मी म्हणाले, असणारच. "गाडी अर्धा तास लेट आहे," म्हणाले. मी म्हणाले, तिला सवय आहे.

आता दौलताबाद गेलं. बाबा दारात उभे राहून लाईनीच्या कडेला काहीतरी शोधत होते. तुमचं जुनं घर असेल. फुलकारीची शाल बॅगेतून काढून खांद्यावर घेतली आहे, उतरल्या उतरल्या द्यायची म्हणे. रंग मोरपंखी आहे. आवडला नाही तरी आवडला म्हण.

गाडी हळू झाली. बॅग बाबांनी डोक्यावर घेतली आहे. मी म्हणाले, बाबा, चाकं आहेत तिला! ऐकत नाहीत. लोक हसतायत. हसू देत.

दोन बायका दिसतायत, एक दुसरीला हातानं काहीतरी दाखवते आहे. ती तूच ना? हातात डबा आहे. बाबांना दिसलीस. आता मी त्यांचा हात धरत नाही, आत्या, उतरू देते.

उत्पला